वेल्ह्यात मार्माइट

भोर-वेल्ह्यात हाडं गोठवणारी थंडी पडते, अशी पुण्यात एक समजूत आहे. ती पसरवली ट्रेकवाल्यांनी. शनिवारची रात्र राजगडाच्या पद्मावती माचीवर काढलेला माणूस सोमवारी ऑफिसात असा काही बोलतो, जणू सियाचीनहून थेट रजेवर आलाय. डोंगरावरच्या वाऱ्याचं श्रेय खालच्या गावांना देण्यात अर्थ नाही. भोरला डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो, नऊ वाजता तो कमरेला बांधावा लागतो आणि बारा वाजता तो कुठे टाकला ते आठवत नाही. झाली थंडी. त्यातून बंगालच्या उपसागरात काही शिजू लागलं, की उत्तरेचा कोरडा वारा वाटेतच थबकतो, आभाळ भरतं, दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री ढगांखालीच अडकते, आणि ऐन मार्गशीर्षात पंखा लावून झोपावं लागतं.

अशाच एका ढगाळ डिसेंबरात आमचे मामा कव्हेंट्रीहून थंडी खायला भोरला आले.

विलायतेतला माणूस थंडीसाठी भोरला का येतो, हे मीही विचारलं. मामांचं म्हणणं, तिकडे आता थंडी उरलेली नाही. मामा भोरचेच. १९६२ च्या उन्हाळ्यात, परदेशातून येणाऱ्यांसाठीचा तिकडचा कायदा कडक व्हायच्या ऐन तोंडावर, ते इंग्लंडात पोचले आणि मोटारीच्या कारखान्याला लागले. पहिलाच हिवाळा वाट्याला आला तो १९६२-६३ चा. सव्वादोनशे वर्षांत तसा गारठा तिथे पडला नव्हता. नद्या गोठल्या, बर्फ मार्चपर्यंत हटलं नाही. त्या एका हिवाळ्यावर मामा साठ वर्षं तापमान मोजत आलेत. त्यामुळे पुढचा कुठलाच हिवाळा त्यांना पसंत पडला नाही. २०१५ च्या डिसेंबरात तर मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान ९.७ अंश निघालं, साडेतीनशे वर्षांच्या नोंदींतलं डिसेंबरचं सर्वात जास्त. मामांच्या मते त्याच महिन्यात ब्रिटिश साम्राज्य खऱ्या अर्थानं संपलं.

"आणि थंडी गेली म्हणून खाणं गेलं," गाडीत बसल्या बसल्या मामांनी सिद्धांत मांडला. "वाफेवरचं जाम पुडिंग, त्यावर गरम कस्टर्ड. कँटीनमधलं कस्टर्ड असं, की वर साय धरायची. मटण पाय. जिंजर बिअर. आता शेजारचा गोरा रोज रात्री कोरमा मागवतो. त्याला काय कळणार पुडिंग!"

मागच्या सीटवर मामी दोन शाली लपेटून बसल्या होत्या. "तिकडे पन्नास वर्षं पिठलं-भाकरीसाठी जीव खाल्लात माझा," त्या म्हणाल्या. "आंबेमोहोर हवा, तोही भोरचाच. आता भोर आलं तर कस्टर्ड आठवतंय."

"आठवण लांबूनच येते," मामा म्हणाले.

"म्हणूनच मी तुम्हाला कधी आठवले नाही."

पुण्यातून निघताना कॅम्पात थांबणं ओघानंच आलं. कयानी बेकरीसमोर नाताळच्या आठवड्यात जी रांग लागते, तिच्यात उभं राहून मामा एकदम तरुण झाले. रांग हा इंग्रजांचा धर्म, आणि तो त्यांनी तिथे पाळलेला. १९५५ पासून चाललेल्या या इराणी बेकरीची श्रूजबरी बिस्किटं पुणेकर आप्तेष्टांना पोचवण्यासाठी विमानानं नेतात. मूळ श्रूजबरी गावाला याची कितपत कल्पना आहे देव जाणे. मामांनी एक तुकडा मोडला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ही ती नव्हेत. जुन्या पाककृतीत ही पातळ असतात, शहाजिऱ्यासारखं काहीतरी घालतात. हा नुसता लोण्याचा गोळा." खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत अर्धा पुडा संपला होता. मामी म्हणाल्या, तक्रार नीट करायची तर पुरावा संपवावा लागतो.

कापूरहोळला महामार्ग सोडला आणि भाटघरपाशी मामांनी गाडी थांबवायला लावली. येळवंडीवरचं हे धरण मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या नावानं बांधलं. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात इथे इंग्रजांनी एक धरण घातलं होतं, त्याच्या तळ्याचं नाव लेक व्हाइटिंग. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, ते योग्यच. कंक इथले, लॉइडसाहेब पाहुणे. इथलं पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जातं आणि तिथे ऊस होतो. भोरकरांना काय मिळतं, तर देखावा.

आणि हे धरण बांधून होत होतं त्याच सुमाराला, १९२७ साली, लंडनमध्ये एका सरकारी मंडळानं राजाच्या आचाऱ्याकडून साम्राज्याचं नाताळ पुडिंग तयार करून घेतलं. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे नि दक्षिण आफ्रिकेचे, लवंगा झांजिबारच्या, ब्रँडी सायप्रसची, रम जमेकाची. सगळ्या वसाहतींची वर्गणी. हिंदुस्थानाच्या वाट्याला मसाला आला. एवढ्या मोठ्या देशाकडून चिमूटभर मसाला घ्यायचा म्हणजे घरच्या कार्यात श्रीमंत जावयाला फक्त पानं वाढायला लावण्यातला प्रकार. मी मामांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "चिमूटभरच हवा असतो. तुम्हा लोकांना प्रमाण कळत नाही." मामा रागावले की आम्ही 'तुम्ही लोक' होतो.

भोरात पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि मामांच्या कोटाखालून वाफा निघायच्या बाकी होत्या. पंतसचिवांचा राजवाडा बाहेरूनच पाहिला. सिनेमावाल्यांचा हा लाडका वाडा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, तेव्हा मामा बिगरीत होते. त्यांना त्यातलं आठवतं ते एवढंच, की शाळेला सुटी होती. वाड्यापेक्षा त्यांचं लक्ष समोरच्या सोड्याच्या गाडीकडे.

गोटी सोडा. हिरवट जाड काचेची बाटली, मान चिमटलेली, मानेत काचेची गोटी. गाडीवाल्यानं लाकडी टोपण तोंडावर ठेवून वरून तळव्याचा दणका दिला, फट्ट झालं, गोटी खाली जाऊन खोबणीत बसली आणि फेस त्याच्या मनगटावरून ओघळला. आतल्या वायूचाच दाब गोटीला रबराच्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच नको, तार नको. ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खळगे, त्यात ती अडकून राहते. ही करामत लंडनच्या हायरम कॉड नावाच्या गृहस्थाची, पेटंट १८७२ चं. विलायतेत ती केव्हाच मोडीत निघाली. पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, उरल्या त्या आता जुन्या वस्तूंच्या बाजारात किमती मोजून घेतात. भोरात ती वीस-पंचवीस रुपयांत मिळते, आत सोड्यासकट.

मामांनी लिंबू घेतला, घोट घेतला, आणि हळवे झाले. "अगदी तसाच! जिंजर बिअरच्या बाटल्या अशाच असायच्या."

"कुठे?" मामींनी विचारलं. "तुम्ही गेलात तोवर तिकडे पत्र्याची बुचं आली होती."

मामा थांबले. मग बराच वेळ गोटी बाटलीत खुळखुळवत राहिले. शेवटी कबूल झाले, की गोटी सोडा त्यांनी प्यायला तो याच चौकात, जत्रेच्या दिवसांत, वडिलांनी हातावर ठेवलेल्या आण्यात. त्यानंतर मी मुद्दामच चौकशी चालवली. नाताळ केक? कॅम्पात, आत्याकडे जाताना. लिंबू-बार्ली? गोवराच्या तापात, आईच्या हातची. मामांच्या विलायती आठवणींचा निम्मा भाग पुणे जिल्ह्यातला निघाला. उरलेला निम्मा म्हणजे कारखान्याचं कँटीन.

मुक्काम मामांच्या चुलतभावाकडे होता. वहिनींना खबर आधीच लागलेली, त्यामुळे जेवणानंतर स्टीलच्या वाट्यांतून फ्रूट कस्टर्ड आलं. केळी, डाळिंब, चिक्कू. फ्रीजमधून काढलेलं, दाताला कळ लावणारं. कस्टर्ड गार खायचं ही आपली रीत. अंड्याविना कस्टर्ड ही मात्र विलायती सोय: बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये, बायकोला अंडं सोसत नाही म्हणून, मक्याच्या पिठाचं कस्टर्ड काढलं. एका नवऱ्यानं बायकोसाठी केलेली ही खटपट पुढे हिंदुस्थानातल्या शाकाहारी घरांना इतकी मानवली, की १९५६ पासून पुण्याच्या वाइकफील्डचा डबा आपल्या फडताळात हिंगाशेजारी बसला आहे. मामांनी वहिनींना कस्टर्ड गरम करायला सांगितलं. वहिनी 'हो' म्हणाल्या आणि आणखी बर्फ टाकून आल्या. संस्थानी गावातली माणसं नाही म्हणत नाहीत, ऐकतही नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत महामार्गाला लागून चेलाडी फाट्यानं नसरापूर, बनेश्वराला हात जोडून मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण खानावळीच्या फळीवर वेल्हेच आहे. डोक्यावर तोरणा आडवा पडलेला. मामांनी तो खुर्चीतून सर केला.

इथे मात्र संध्याकाळी थंडी पडली. विलायती नव्हे, पण शेकोटीला निमित्त होईल एवढी. गावकरी कानटोप्या घालून बसले आणि मामा मोठ्या तोऱ्यात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खानावळीच्या मावशींनी नाचणीची भाकरी वाढली. मामांनी खिशातून काळी बाटली काढली. मार्माइट. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क, बर्टन गावात १९०२ पासून होणारा. त्यांनी तो भाकरीवर पसरला आणि कौतुकानं मावशींना चाखायला दिला.

मावशींनी बोटावर घेतला, जिभेला लावला, विचार केला.

"करपलीया," त्या म्हणाल्या. "कोण म्हातारं झालंय का घरात? चूल इसरलंय."

मग त्यांनी हुलग्याची शेंगोळी वाढली. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची-जिरं घालून मळायचं, तळहातावर वळ्या वळून कडबोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. पिठाची राळ उतरून रस्सा आपोआप दाट होतो. मामांनी एक शेंगोळं फोडलं, वर वाफ आली, आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "डंपलिंग." स्ट्यूमध्ये चरबी-मैद्याचे गोळे घालतात, तेच. त्यानंतर खरवस आला, गुळाचा, वेलदोड्याचा. शेजारची म्हैस व्याली होती. "आणि हे पुडिंग!" यात मामा सोळा आणे खरे होते. इंग्लंडच्या शेतावरच्या घरांतही पूर्वी व्यालेल्या गाईच्या चिकाचं पुडिंग करत. जाता जाता मामींनी मामांच्या लाडक्या वूस्टर सॉसचंही कुळ उघडं केलं: १८३७ पासून विकला जाणारा तो सॉस म्हणजे चिंच आणि मांदेलीच्या भाऊबंदांतले खारवलेले मासे. कोकणातली कुठलीही म्हातारी बाटलीशिवाय करते.

मामांनी तिसरी वाटी मागितली आणि थंडी वाजतेय म्हणून मामींची एक शाल घेतली.

तर, थंडीसाठी वेल्ह्याला जायचं असेल तर आभाळ निवळल्यावर, जानेवारीत जा. शेंगोळी खायची असतील तर सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. खरवस म्हशीच्या मर्जीवर. मार्माइट नेऊ नका.