बंद करून चालू करा

आमचा राउटर दर दहा मिनिटांनी आपणहून बंद पडतो आणि आपणहून चालू होतो. कंपनीला फोन केला, तर पलीकडच्या ताईंनी उपाय सुचवला: बंद करून चालू करा. ताई, तो सकाळपासून तेच तर करतोय!

दुसऱ्या दिवशी ‘तुमच्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला. मोबाइल डेटावर वाचला.

राउटरवर ‘एलओएस’ नावाचा एक दिवा असतो. तो लाल झाला की समजायचं, फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही, दोष तारेचा. आमचा दिवा विझलेलाच होता. म्हणजे तार ठणठणीत, दुखणं डब्याचं. चौथ्या दिवशी आलेल्या मुलाला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तार बदलली. तो असेपर्यंत राउटरही, डॉक्टरसमोर ताप उतरावा तसा, शहाण्यासारखा वागला. मुलगा जिना उतरला, डबा पुन्हा बंद.

अकराव्या दिवशी ‘नवा’ राउटर आला. त्याच्या पाठीवर पेनाने कुणाच्या तरी घरचा वायफाय पासवर्ड लिहिलेला आहे. बिल पहिल्याच तारखेला आलं होतं, पूर्ण महिन्याचं.