जुन्या पद्मिनीच्या काचपट्ट्या बदलू इच्छिणाऱ्या गृहस्थास हितोपदेश

ज्या गृहस्थाच्या दारात कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी आजही उभी आहे, आणि जो आषाढातल्या पहिल्या दमदार सरीनंतर उजवा पायमोजा ओला झालेला पाहून पर्जन्यराजाला, नगरपालिकेला आणि गाडीच्या पूर्वीच्या मालकाला अनुक्रमे दोष देतो, त्याने प्रथम आपल्या कोपराखालच्या मुद्देमालाचा पंचनामा करावा. दाराच्या कमरेशी, जेथे काच पत्र्याच्या पोटात उतरते तेथे, बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन पट्ट्या तैनात असतात. बाहेरच्या पट्टीत नख रुतत नसेल, काच खाली घेताना करकर आवाज येत असेल आणि काचेवर उभे ओरखडे उमटलेले असतील, तर ऊन आणि हवेतला ओझोन यांनी तिची सेवा कधीच समाप्त केली आहे, असे समजावे.

मात्र दारात पाण्याचा थेंबही शिरू नये, असा हट्ट मनात असल्यास तो सोडावा. गाडीचे दार जलाभेद्य असावे अशी तजवीज तिच्या निर्मात्यांनी कधीच केली नव्हती. पट्टी हा केवळ जकातनाका होय. बराचसा माल ती अडवते, उरलेला पोटात जातो आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून निमूटपणे बाहेर पडतो. ही भोके चिखलाने बुजली की दार आतून सडते. काचेमागून वाहणारे पाणी बैठकीकडे वळू नये म्हणून दाराच्या आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. तो मागच्या कारागिराने फाडून स्वतःचे हात पुसण्यास वापरला असेल, तर दोष पट्टीकडे जात नाही. सबब, नव्या पट्टीवर खर्च करण्यापूर्वी तारेने भोके मोकळी करावीत आणि कागदाची चौकशी करावी.

खरेदीसाठी मुंबईकराने कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुणेकराने नाना पेठ गाठावी. परंतु जुन्या पट्टीचा तुकडा खिशात असल्यावाचून कोणीही उंबरठा ओलांडू नये. 1964 साली आलेली फियाट अकराशे डिलाइट आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी ही एकाच घराण्यातली असल्याने, ‘फियाटचं सगळं सारखंच असतं, साहेब’ हा दाखला दुकानदार शपथेवर देतो. तो नम्रपणे ऐकून घ्यावा आणि दोन्ही तुकडे छेदाच्या बाजूने एकमेकांस भिडवून पाहावेत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्यापासून आपण गरजवंत नव्हे तर शौकीन या सदरात मोडतो, आणि शौकिनासाठी दर निराळा असतो, हेही ध्यानी असावे.

आता मुख्य विधी. काच पूर्ण खाली घ्यावी आणि काचमशीनचे हँडल काढावे. हे वाक्य लिहिण्यास जितके सुलभ तितकेच त्याचे आचरण दुष्कर आहे. हँडलच्या मुळाशी असलेली चकती दाबून धरली असता तिच्याखाली एक आडवी पिन दृष्टीस पडते. चकती एका हाताने दाबायची, खिळ्याने पिन दुसऱ्या हाताने ढकलायची आणि बाहेर पडणारी पिन तिसऱ्या हाताने झेलायची, अशी या रचनेची अपेक्षा आहे. तिसऱ्या हाताच्या अभावी खाली पांढरा पंचा अंथरावा. घरातील लहान मुलांना ‘पिन शोधणाऱ्यास बक्षीस’ असे फर्मान आगाऊ ऐकवून ठेवणे इष्ट, कारण पंचा कितीही विस्तीर्ण असला तरी पिन त्याच्या हद्दीबाहेर पडण्याची वहिवाट जुनी आहे.

पॅड उचकटताना क्लिपा तुटतील. तुटू द्याव्यात, त्या मिळतात. जुनी पट्टी उपसताना मात्र पत्र्याच्या कडेवर आधी कापडी चिकटपट्टी लावावी, नाहीतर पावसाचा बंदोबस्त करण्याच्या नादात रंगाची जप्ती व्हायची. उघड्या पडलेल्या कडेवरचा गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. नवी पट्टी ताणून कधीही बसवू नये. ताणलेले रबर काही दिवसांत आपल्या मूळ लांबीवर परत येते आणि कोपऱ्यात नेमकी पावसाला हवी तेवढी फट सोडते. किंचित लांब कापावी, साबणाच्या पाण्याने ओलवावी आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाबत न्यावी. या प्रसंगी शेजारचे निवृत्त अधिकारी इंजिन ऑइल सुचवतील. तेलाने रबर फुगते, पण त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांना चहा द्यावा. बाजूच्या फेल्टच्या चॅनेलमध्ये वाळू रुतलेली असेल तर तेही बदलावे, कारण काचेवरचे ओरखडे बहुधा त्याचेच हस्ताक्षर असते.

काच प्रथम जड चालेल. मशीनवर जबरदस्ती न करता ती सावकाश वर-खाली करीत राहावी.

परीक्षेसाठी मेव्हण्याला आत बसवून, काचा लावून, बाहेरून दारावर रबरी नळीने पाणी सोडावे आणि कोठे काय झिरपले याची त्याच्याकडून लेखी जबानी घ्यावी. त्याला छत्री नेऊ देऊ नये. त्यात मालकाचा अपमान आहे.