सातबारा आणि स्टेट फाईल

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात बसून आमचा भाचा सध्या मुंबईतले सर्व्हर उभे करायला शिकतोय. हात न लावता! टेराफॉर्म हे 2014 साली आलेलं अवजार. हवं ते फाईलीत लिहायचं, ‘प्लॅन’ म्हणायचं, मग ‘अप्लाय’. उभं केलेल्याची नोंद स्टेट फाईलीत. कोणी मधेच हाताने सेटिंग बदललं, की नोंद एक आणि जागेवर भलतंच. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, आणि तो सांभाळणं म्हणे प्रगत कौशल्य.

भाऊजी हसले. “काहून बे, हा तर सातबारा झाला! कागदावर दोन एकर, अन् शेजारी दरवर्षी धुरा कोरते.”

फरक इतकाच, की टेराफॉर्म पुढच्याच ‘प्लॅन’ला तफावत दाखवतं; धुऱ्यासाठी मोजणीची फी भरून तारखेची वाट पाहावी लागते. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून स्टेट फाईलीला कुलूपही लावता येतं. भावकीत अशी सोय नाही.

परवा भाच्याने ‘अप्लाय’ दिलं आणि लाईन गेली. सर्व्हर अर्धे उभे, कुलूप तसंच. ते काढायला ‘फोर्स-अनलॉक’ आहे. लाईनसाठी लाईनमनचा फोन आहे. तो लागत नाही.