लाल दिव्याची गच्ची

परळच्या एका गच्चीवर पत्र्याची वेधशाळा आहे. यंदा तिचं वायरिंग नव्याने झालं: पाइपातून केबल, पाणी न शिरणारे जंक्शन बॉक्स, अर्थिंग, दुर्बिणीच्या मोटरला वेगळी १२ व्होल्टची लाइन. आत मंद लाल एलईडी, कारण डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि पांढरा दिवा ती कमाई क्षणात बुडवतो. वायरमनने विचारलं, "साहेब, देवघर करताय का?"

एवढं करून छप्पर सरकवलं, तर समोरच्या टॉवरच्या माथ्यावरची रोषणाई थेट आत. चंद्र दिसतो, शनी दिसतो. आकाशगंगा फक्त बिल्डरच्या ब्रोशरमध्ये.

तसं विजेपायी वेधशाळेची अडचण होणं मुंबईत जुनंच. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला गेलं. तिथली वेधशाळा १९०४ची. ट्राम १९६४ साली बंद झाल्या, वेधशाळा मात्र अलिबागलाच रमली.

परळच्या वेधशाळेचे साहेब हट्टी. त्यांनी सोसायटीच्या सभेत मागणी केली, अमावास्येला गच्चीचा दिवा दोन तास बंद ठेवा. विषय पुढच्या सभेवर गेला. गच्चीवर हॅलोजन बसवायचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला.