बिनपाण्याचे कप्तान

वैशाली नगरात संध्याकाळी सातच्या सुमारास फाटकाची कडी वाजली आणि पाठोपाठ "वहिनी, चहा ठेवू नका, घाईत आहे" असं ऐकू आलं, की घरात दोन गोष्टी होतात. चहा ठेवला जातो आणि पाकीट लपवलं जातं. कप्तानकाका आलेले असतात.

वर्गणी मागणारी माणसं भिलाईला नवी नाहीत. स्टील प्लांटच्या नोकरीसाठी सगळा देश इथे गोळा झाला, त्यामुळे गणपती, दुर्गापूजा, अय्यप्पा, छठ अशी सगळ्या देशाची वर्गणी एकाच पगारातून जाते. पण ती मंडळी मोसमी, कप्तानकाका बारमाही. त्यांचं दैवत म्हणजे वसाहतीतल्या सी-स्काऊट पोरांचं पथक, आणि त्या पथकाचं मुख्यालय पक्कं बांधून घेणं हा त्यांचा नवस. सध्याचं मुख्यालय म्हणजे पत्र्याची शेड. ज्या गावाने अख्ख्या देशाच्या रेल्वेला रूळ पुरवले, त्या गावात या शेडचा पत्रा गळतो.

आता जवळचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणमचा. दुर्गहून वंदे भारतने गेलं तरी आठ तास. त्यामुळे पथकाच्या पाण्याची सोय छतानेच केली आहे. शेडच्या मधोमध फायबरची एक होडी ठेवलेली असते आणि गळती नेमकी तिच्यातच. जगात होडी आत कोरडी आणि पाणी बाहेर. इथे सगळं पाणी होडीत आणि खाली कोरडी फरशी. आषाढात पोरं आत बसून डालड्याच्या जुन्या डब्यांनी पाणी उपसतात, काका काठावर उभे राहून शिट्टी वाजवतात आणि वहीत 'आपत्कालीन सराव' अशी नोंद करतात. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला रोज विचारतो, "पानी कहाँ हे, कका?" काका तितक्याच श्रद्धेने सांगतात, "आही बाबू, आही."

काका मूळ भंडाऱ्याकडचे, प्लांटच्या स्टोअर्समधून रिटायर झालेले. समुद्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध गेटवे ते घारापुरी एवढाच. जाताना लाँचवर काय झालं ते काकू सांगतात. येतानाचं काका सांगू देत नाहीत.

"देणार का?" हा प्रश्न या माणसाने जन्मात विचारलेला नाही. ते टीपॉयवर पावतीपुस्तक उघडतात, पेनाचं टोपण काढतात आणि म्हणतात, "कुणाच्या नावानं फाडू? तुमच्या, की बाबांच्या स्मरणार्थ?" ज्याचे वडील गेले त्याला नाही म्हणवत नाही, आणि ज्याचे आहेत त्याचे आतल्या खोलीतून ओरडतात, "अरे, देऊन टाक की!"

ते पुस्तक एकदा जवळून पाहावं. लांबट, पिवळ्या पानांचं, कोपरे तेलकट. पेन त्याला सुतळीने बांधलेलं, तेही साध्या गाठीने नाही, क्लोव्ह हिच मारून. पहिली पावती ५००१ रुपयांची, मेव्हण्याच्या नावावर. ती कधी फाडली हे मेव्हण्यालाही ठाऊक नसावं. पानं उलटताना कार्बन मुद्दाम सावकाश सरकतो. "बघू नका हं, गुप्त असतं ते," असं म्हणत काका शेजाऱ्यांच्या ११०१वर बरोबर बोट ठेवतात. एखादा हुशार माणूस "८०जी मिळेल का?" म्हणून अडवू पाहतो. काका गडबडत नाहीत. "अर्ज टाकलाय. पण दोन हजारांवर रोख दिलेत तर तशीही सूट मिळत नाही. तुम्ही १९०१ द्या, म्हणजे अर्ज मंजूर झाल्यावर भानगड नको." माणूस शंभरावर सुटणार होता, तो असा वर चढतो.

एक सांगून टाकतो, काका पैशाला चोख आहेत. चहापाण्याचा रुपयासुद्धा पथकाच्या खात्यावर टाकत नाहीत. टाकतील कसा, चहा देणगीदाराचाच असतो.

फारच चिवट गिऱ्हाईक भेटलं की विक्रांत बाहेर येते. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी सेलने सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवलं, ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतलं. सांगताना काका बोकारो आणि राउरकेला गिळून टाकतात. "आपल्या गावाच्या लोखंडावर नौदल तरंगतं, आणि आपली पोरं पत्र्याखाली भिजतात!" इथे आवाज थोडा कापतो. स्टोअर्समध्ये बसून या माणसाने किती टनांवर सह्या केल्या असतील, असा विचार समोरच्याच्या मनात येतो आणि पाकीट आपणहून बाहेर येतं.

बेडन-पॉवेल भावांची गोष्ट मात्र फक्त मराठी घरांत. धाकट्याने १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, थोरल्या वॉरिंग्टनने १९१२ साली सागरी स्काऊटांसाठी पुस्तक लिहिलं. "कष्ट थोरल्याचे, नाव धाकट्याचं," असं म्हणून काका सुस्कारा सोडतात. भंडाऱ्याच्या शेताचा दावा अजून चालू आहे.

निधी जमतो, हे खोटं नाही. नारळी पौर्णिमेला शिवनाथ नदीत नारळ सोडून नारळी भाताची कुपनंसुद्धा खपवली. दोन मल्याळी वहिनींनी भात खाऊन नारळ कमी पडल्याचा अभिप्राय दिला आणि पुढच्या वर्षीचा नारळ स्वतःकडे घेतला. पण निधी जसा चढतो तसं अंदाजपत्रकही चढतं. आधी नुसता स्लॅब होता, मग ध्वजस्तंभ आला, मग होड्यांसाठी मांडव. होडी एकच आहे, पण मांडव अनेकवचनी.

प्रत्यक्षात आजवर पूर्ण झालेलं काम एकच: देणगीदारांची संगमरवरी पाटी. ५००१ला ठसठशीत अक्षर, ५०१ला भिंग लागतं. एका नावातली वेलांटी चुकली होती. दुरुस्तीला गेलेला तो गृहस्थ वरच्या रांगेत चढूनच परत आला. पाटीवर पाणी पडू नये म्हणून सध्या तिच्यावर होडीची ताडपत्री टाकली आहे.

परवाच्या पालकसभेत एका नव्या वहिनींनी भाबडेपणाने विचारलं, "काका, यांतल्या किती पोरांना पोहता येतं?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. काकांचा चेहरा उजळला. "वहिनी, तुमच्या तोंडात साखर पडो! तरणतलावाचं पुस्तक कालच छापायला टाकलंय. छपाईपुरते तुमचे फक्त ५१ धरतो."