श्रीखंड संपलं का, वहिनी?

कुणाला सांगू नका, पण आमच्या भावजींनी सव्वा लाखाच्या कॅमेऱ्याला श्रीखंडाचा डबा बांधलाय. रबरबँडने. तोही माझ्या कोथिंबिरीच्या जुडीचा!

मी आपली भोळी. गुढीपाडव्याला डबा फोडल्यापासून रोज विचारायचे, "श्रीखंड संपलं का, वहिनी?" मला वाटलं, आवडलं असेल, वाटी भरून खालच्या मजल्यावर पाठवली. वाटी तशीच परत आली आणि सोबत निरोप, "घाई नाही. पण डबा काथ्याने घासू नका, चरे पडतात." चरे! माझ्या रुखवतातल्या पातेल्यांना या घराण्यात कुणी एवढं जपलं नाही हो.

मग चौकशी केली. तर हे एकट्याचं खूळ नव्हे, टोळकंच आहे. पाऊस सुरू झाला की आंबोलीला बेडकांमागे, एरवी येऊरला नाकतोड्यांमागे. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, दाताच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. सगळी चांगल्या घरची माणसं, आणि बॅगेतून काय निघावं? बटर पेपर, आतून फॉइल लावलेली वेफर्सची नळकांडी, शटलकॉकचा डबा, दुधाची उलटी केलेली पिशवी. डॉक्टरीणबाईंनी तर आकाशकंदिलाचा पांढरा कागद सोलून नेला म्हणे. सांगाडा अजून गॅलरीत लटकतोय, सासूबाई त्याच्याकडे बघून उसासे टाकतात.

थर्माकोलची तर वेगळीच कथा. आपल्या राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तर हे लोक आता नवा टीव्ही कुणाकडे येतोय यावर डोळा ठेवून असतात. खोकं फोडायला हौसेने मदत करतात. टीव्हीकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्याच्या अंगावरचं पांढरं पातळ फोमचं पांघरूण तेवढं घडी घालून काखेत मारतात.

एवढा आटापिटा कशासाठी? भावजींनी मला ओट्यापाशीच समजावलं. कीटकाचा फोटो अगदी जवळून काढायचा तर भिंगाचं छिद्र एफ ११, एफ १६ असं बारीक करावं लागतं. नाहीतर डोळा स्पष्ट आणि मिशा धूसर, कारण फोकसमध्ये येतो जेमतेम मिलिमीटरभर भाग. छिद्र बारीक केलं की अंधार. म्हणून फ्लॅश. आणि नुसता फ्लॅश मारला की भुंग्याच्या पाठीवर पांढराफेक चट्टा, उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या डावासारखा. मधे डबा धरला की फ्लॅशचा इवलासा ठिपका डब्याएवढा होऊन उजळतो. उजेड जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ. "वहिनी, श्रावणातलं ढगाळ आभाळ म्हणजे काय? सूर्यावर घातलेला श्रीखंडाचा डबाच." घ्या! पाच मिलिमीटरच्या कोळ्याला आमच्या घरी स्वतंत्र आभाळ आहे. माझ्या लेकीचा पत्रिकेसोबतचा फोटो मात्र यांनीच ट्यूबलाइटखाली उरकला होता.

आता खरी कुजबुज ऐका. यांच्यात पंथ आहेत. एक थर पुरे म्हणणारे आणि दोन थर, तेही मधे बोटभर अंतर ठेवून, म्हणणारे. सपाट पडदावाले आणि कीटकावर कमान धरणारे. बँकवाले आणि डॉक्टरीणबाई यावरून महिनाभर बोलत नव्हते. आणि कुणीही आपली खरी कृती सांगत नाही, लोणच्याच्या मसाल्यासारखी. पण चोरी पकडली जाते, कुठे माहितेय? कोळ्याच्या डोळ्यात! उड्या मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे, त्यातले पुढचे दोन म्हणजे काळे, घोटीव मणी. समोरचं सगळं त्यात आरशासारखं उमटतं. फोटो मोठा करून हे लोक एकमेकांच्या कोळ्यांच्या डोळ्यात डोकावतात: चौकोन दिसला की बटर पेपर, गोल दिसला की डबा, दोन ठिपके दिसले की दोन फ्लॅश. मलाही दाखवलं. त्या एवढ्याशा काळ्या मण्यात एक पांढरी चकती, आणि तिच्या कडेला बारीक खाच. झाकण उघडताना सुरीने मीच पाडलेली! माझं माहेर ओळखावं तसा मी तो डबा ओळखला.

मधे एकदा फजितीही झाली. डबा मिळेना म्हणून आम्रखंडाचा पिवळट डबा लावला, तर झाडून सगळ्या मुंग्यांना कावीळ. आणि रात्री दहाला कढीपत्त्याच्या कुंडीत डोकं खुपसून लखलख करताना बघून वॉचमनने शिट्टी फुंकली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. चेअरमननी कडक शब्दांत समज दिली आणि जाताना हळूच विचारलं, चक्क्याचा डबा चालतो का?

नावं ठेवते मी, पण एक सांगते. आपल्या ठाणे-कल्याण भागातल्या अशाच उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिचं नाव ठेवलं, आयसियस तुकारामी. हे भावजींनी सांगितलं त्या दिवसापासून मी जाळी झाडताना आधी चष्मा लावते. तेवढंच. डब्यांचं मात्र मी मुळीच माफ केलेलं नाही. हळदीला डबा नाही, जिऱ्याला डबा नाही, मीठ चार महिने पिशवीतच आहे.

म्हणून या दसऱ्याला ठरवलं, विकतचं आणायचंच नाही. चक्का घरी बांधायचा. दही विरजलंय, वेलची सोलून ठेवलीय. टांगायचं पांढरं मलमलचं फडकं तेवढं कालपासून सापडत नाहीये.