बिनाकाचे ससे आणि ललिताजी

"ताई, तुमच्याकडं बिनाकाचा हत्ती होता का व?" भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. नळ आलेला, हातात पाईप, ड्रम निम्मा. बोदवडात नळाच्या दिवशी बाया बोलत नाहीत, नुसत्या भरतात. त्यात यांना हत्ती सुचला. पोरानं माळा आवरला, तर जुन्या डब्यात अंगठ्याएवढा प्लास्टिकचा हत्ती निघाला म्हणे.

"हत्ती नव्हता. दोन ससे होते आन एक हरीन."

आमचे बाबा राखुंडीनं दात घासायचे. बिनाका टूथपेस्ट यायची ती पोरांसाठी, आणि पोरांना हवा असायचा खोक्यातला प्राणी. जुनी ट्यूब संपल्याशिवाय नवी नाही, हा घरचा कायदा. म्हणून भाऊ अर्धी ट्यूब मोरीत पिळून यायचा.

"मंग मार नाई बसला?"

"बसला ना. पन ससाबी आला."

अमीन सयानींच्या गीतमालेतली ती हीच बिनाका. पुढं तिची सिबाका झाली आणि 1994 साली कोलगेटनं ती घेतली. ही माहिती वहिनींच्या घरच्यांची. त्यांचं किराणा दुकान आहे. कोणता माल कोणाचा, कोण कोणाला विकला गेला, हे त्यांना सोयरिकीसारखं पाठ.

वहिनी भुसावळच्या, रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. टीव्हीच्या बाबतीत त्यांचा तोरा आजही आहे. आमच्या गल्लीत मात्र एकच टीव्ही, लाकडी सरकत्या दाराचा, काळा-पांढरा. 1987 ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी त्या घराच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. एक पोरगा गच्चीवर अँटिना फिरवणार, एक जिन्यात उभा राहून निरोप पोचवणार, आणि खालून सगळे ओरडणार, "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या, थोडं इकडं घे!" रामापेक्षा आधीच्या जाहिराती आम्हाला जास्त आवडायच्या. मोठ्यांसमोर तसं बोलायची मात्र सोय नव्हती.

"पन पाहा ताई," वहिनींनी पाईप दुसऱ्या ड्रमात टाकला, "खेळन्याची जाहिरात पाह्यलेली आठोते का तुमाले?"

मी विचार केला. साबण आठवला, टूथपेस्ट, सरबत, बिस्कीट, आणि ये जो है जिंदगीच्या आधी लागणारी आपल्या पेंढरकरांची विको. खेळणं एकही नाही. बार्बी, रिमोटच्या गाड्या हे सगळं नंतरचं, केबल आल्यावरचं. आम्हाला टीव्हीनं खेळणी विकलीच नाहीत, म्हणून आम्ही जाहिरातीच खेळायला घेतल्या.

निरमा खेळायला फक्त घेराचा फ्रॉक लागायचा. गोल फिरायचं आणि घेर फुलवायचा. माझा फ्रॉक थोरल्या बहिणीचा उतरलेला, त्याला घेर राहिलेला नव्हता, म्हणून मला कायम मळके कपडे धुणारीचं काम. वहिनींच्या घरचे दुकानाच्या दारातून म्हणाले, "करसनभाई पटेलांनी 1969 ला अहमदाबादेत घरी पावडर करून सायकलवर विकली. नाव दिलं पोरीचं, निरुपमाचं." आमच्या फिरण्यामागं कोणाची तरी लेक होती, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजीचा खेळ अवघड. त्याला तोंड लागायचं. भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यातला फरक ठणकावून सांगायचा, तोही हिंदीत. वहिनी त्यात पहिल्या नंबरच्या असणार, मला शंका नाही. निरमाच्या स्वस्ताईला उत्तर म्हणून सर्फनं ही बाई उभी केली होती. आमच्याकडं कौतुक ललिताजीचं आणि घरात पुडा निरमाचा. माझ्या आईनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वस्तातलंच आणलं. ललिताजी झालेल्या बाईंचं नाव कविता चौधरी. पुढं 1989 ला उडान मालिकेत त्या पोलीस अधिकारी झाल्या.

"मले तं वाटे, ललिताजीच पोलिसात लागली!" वहिनी म्हणाल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये कविताबाई गेल्या, तेव्हा वहिनींनी मला भिंतीवरूनच बातमी दिली होती.

खरी खेळणी यायची यात्रेतून. महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेला गेलं की पिपाणी, दाबली की टकटक करणारा पत्र्याचा बेडूक आणि पत्र्याची होडी. होडीच्या पोटात तेलाची वात पेटवायची. आतलं पाणी तापून वाफ व्हायची, ती मागच्या नळ्यांतून पाणी ढकलायची, मग नळ्या पुन्हा पाणी ओढायच्या, आणि परातीत टप्‌टप्‌ करत होडी गोल फिरायची. आई परातीशेजारी उभी. खेळ संपला की तेच पाणी भांड्यांना. पाणी सांडलं तर होडी जप्त. एरवी ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी होतीच, ती फुकट.

"आन पान पसंद?" वहिनींनी विचारलं.

ती जाहिरात कशी विसरणार! करवादून बोलणारी बाई, तोंडात गोळी गेली की आवाज लोण्यासारखा. आम्ही ती गोळी आजीवर वापरून पाहिली. आजीनं गोळी चघळली आणि पुन्हा तशीच ओरडली. पण गोळी आपल्याकडची, रावळगावची होती. रावळगाव म्हणजे मालेगावजवळचं, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या साखर कारखान्याचं गाव.

"तेबी गेलं," दुकानातून आवाज आला. "2024 ला रिलायन्सनं गोळ्यांची सगळी नावं घेतली. 27 कोटीत."

वहिनींनी नळ बंद केला. "फक्त 27? जाहिरातीसगट?"

जाहिरातींसकट एवढ्यात म्हणजे फारच स्वस्तात गेलं, यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंचं एकमत झालं.